आधी कारागीर, मग सॅक्सोफोन

अल्टो सॅक्सोफोन खरा कसा आहे हे पाहायचं तर खोलीतले दिवे मालवावे लागतात. कारागीर वाद्याची वरची वाकडी नळी, म्हणजे नेक, काढून बाजूला ठेवतो आणि उरलेल्या धडात बारीक दिव्यांची लांब पट्टी सोडतो. मग एकेक चावी मिटत खाली येतो. मिटताना बोट नुसतं टेकवतो, कारण जोर लावला की बिघडलेलं पॅडही बसल्यासारखं दिसतं. पॅड भोकावर सगळीकडून सारखं टेकलं तर आत काळोख. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली तर त्या कडेला उजेडाची बारीक कोर दिसते. तेवढ्या कोरीतून हवा निसटते आणि तिच्या खालचे सगळे स्वर फुंकायला जड जातात, फुटतात किंवा भलत्याच सप्तकात उडी मारतात. काचेमागे झळकणारं नवं कोरं वाद्य या अंधारात ठिकठिकाणी उजळावं आणि लॅकर उडालेलं, दोन-चार पोचे आलेलं चाळीस वर्षांपूर्वीचं वाद्य काळंभोर राहावं, असं सर्रास घडतं.

‘हौस आणि तिचा खर्च’ या विषयावर लिहायला संपादकांनी सांगितलं तेव्हा सॅक्सोफोन निवडला तो याचसाठी. दिसणं आणि असणं यांत इतकं अंतर असलेली हौसेची वस्तू क्वचितच सापडते. चाळिशी-पन्नाशीत नव्याने शिकणारे, शाळेच्या किंवा पलटणीच्या बँडमध्ये वाजवलेलं वाद्य निवृत्तीनंतर पुन्हा हाती घेऊ पाहणारे, मुलाला गिटार-कीबोर्डपेक्षा वेगळं काही शिकवावं असं वाटणारे आईवडील, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: परवडणारा अल्टो कोणता, कुठल्या कंपनीचा, कितीला? माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. आपल्याला जाता येईल एवढ्या अंतरावर हे वाद्य दुरुस्त करणारा कोण आहे, आणि कुठली वाद्यं तो हातात घ्यायला तयार आहे? सॅक्सोफोनच्या बाबतीत परवडणं हे खरेदीच्या दिवशी ठरत नाही. ते पुढच्या आठ-दहा वर्षांत वाद्य वाजतं ठेवायला काय लागतं, यावर ठरतं.

पितळेपेक्षा पॅड

सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याचं चांगलं-वाईट पितळेवर फारसं अवलंबून नसतं. निमुळती होत गेलेली एक नळी, तिच्यावर वीसहून अधिक भोकं, आणि प्रत्येक भोकावर उघडझाप करणारं एक झाकण. त्या झाकणात बसवलेलं पॅड म्हणजे पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमद्याची गादी आणि वरून ताणलेलं पातळ चामडं. पॅड बसवायचं तर झाकण ज्योतीवर तापवतात, आतली लाख मऊ झाली की पॅड तिच्यावर तरंगतं ठेवून काडीने थोडं इकडे, थोडं तिकडे ढकलतात, पुन्हा दिवा लावून पाहतात, पुन्हा तापवतात. एका पॅडचं हे काम. अल्टोला अशी पंचवीसच्या आसपास पॅडं असतात आणि त्यांतली कित्येक एकमेकांशी जोडलेली. एक चावी दाबली की लांबच्या दांडीने दुसऱ्या टोकाची दोन झाकणं मिटतात, आणि तिन्ही एकाच क्षणी टेकायला हवीत. त्यासाठी दांडीच्या पायाशी चिकटवलेला बुचाचा तुकडा केसभर घासावा लागतो. सगळी पॅडं बदलायची म्हणजे सगळ्या चाव्या उतरवून वाद्य उघडं करायचं, आणि ते कित्येक तासांचं हातकाम आहे.

हे सगळं कापड, चामडं, बूच आणि पोलाद आहे, म्हणजे हवेला बळी पडणारं. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात चामडं दमट होतं, क्वचित बुरशी धरतं. जी शार्पचं पॅड एरवी मिटलेलंच असतं, त्यामुळे ते हमखास चिकटतं. वादक चावी दाबतो आणि झाकण जागचं हलत नाही. चाव्यांना उसळी देणाऱ्या सुईसारख्या पोलादी स्प्रिंगा खाऱ्या हवेत गंजतात आणि एक दिवस मोडतात. म्हणजे लाखाचा सॅक्सोफोन घ्या की पंचवीस हजारांचा, तो कारागिराकडे जाणारच. वर्ष-दोन वर्षांनी थोडं जुळवून घ्यायचं काम, मधूनच एखादं पॅड, काही वर्षांनी सगळीच पॅडं, असा हा क्रम चुकत नाही. तंबोऱ्याची जवारी घासायला मिरजेचा कारागीर लागतो हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सॅक्सोफोनच्या बाबतीत मात्र खोक्यातून काढला की आयुष्यभर वाजेल, अशी समजूत दिसते.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने यात एक वाईट गोष्ट आहे. मुरलेला वादक गळकं वाद्य हातात घेतल्याबरोबर ओळखतो आणि तरीही ओठ-श्वास आवळून त्यातून सूर काढतो. नवशिक्याला ते कळायला मार्ग नसतो. खालचा बी फ्लॅट निघत नाही, सी कुजबुजत निघतो, तेव्हा आपली फुंकच कमी पडते असं त्याला वाटतं. तो जास्त जोराने फुंकतो, चाव्या घट्ट आवळतो, आणि ती आवळायची सवय पुढे चांगल्या वाद्यावरही सुटत नाही. बरेच जण काही महिन्यांनी ‘आपल्याला हे जमणारं नाही’ म्हणून केस पलंगाखाली ढकलतात. गळती पॅडात होती हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. स्वस्त वाद्याची खरी किंमत इथे भरावी लागते.

एक कारखाना, अनेक नावं

ऑनलाइन बाजारात साधारण वीस-तीस हजारांत नवा अल्टो मिळतो, केस, पट्टा, माउथपीस आणि पांढऱ्या हातमोज्यांसकट. कर्ण्यावर कोरलेली नावं वेगवेगळी असतात, पण नावावरून काही कळत नाही, कारण एकच कारखाना मागेल त्या व्यापाऱ्याचं नाव कोरून देतो. ही चाल नवी नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेला सॅक्सोफोनचं वेड लागलं, तेव्हा इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावचे कॉन, ब्यूशर, मार्टिन हे नामांकित कारखानेही दुकानदारांच्या नावाने वाद्यं बनवून देत. तैवानमधलं हौली हे गाव तर याच धंद्यावर वाढलं. तिथल्या चांग लिएन-चेंग या माणसाने १९४० च्या दशकात एक सॅक्सोफोन सुटा करून, त्याची मापं घेऊन हाताने नवा बनवला. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी आपापली घरगुती कारखानदारी उभी केली आणि पुढे जगभरच्या नावांचे सॅक्सोफोन हौलीत बनू लागले. नंतर बरंचसं स्वस्त काम चीनमध्ये, तियानजिन आणि परिसरात गेलं.

म्हणून चिनी म्हणजे टाकाऊ, असा सरसकट शेरा मारणं अन्यायाचं आहे. गेल्या वीस वर्षांत तिथली वाद्यं खूप सुधारली आहेत, आणि सुरात चांगला, हाताला नीट बसणारा चिनी अल्टो मिळू शकतो. अडचण वेगळी आहे. त्याच नावाखाली पुढच्या वर्षी दुसऱ्याच कारखान्याचा माल येतो. चाव्यांचा धातू कधी इतका मऊ असतो की केसमध्ये जरा दाब आला तरी दांडी वाकते, आणि सरळ केली तरी पुन्हा वाकते. स्क्रू हरवला तर त्या आट्याचा दुसरा मिळत नाही. कारागिराने तासभर खपून जुळवलेलं महिनाभरात सैल होतं आणि गिऱ्हाईक त्यालाच बोल लावतं. त्यामुळे पुष्कळ कारागीर अनोळखी नावाचं वाद्य घ्यायचंच नाकारतात, किंवा ‘करतो, पण खात्री देत नाही’ म्हणतात. या नकाराला मी किंमत ठरवण्याचं सगळ्यात विश्वासार्ह माप मानतो. ज्याला या वाद्यातून चार पैसे मिळणार आहेत तोच नको म्हणत असेल, तर ती वीस हजारांची वस्तू पहिली स्प्रिंग मोडेपर्यंतच तुमची.

उलट बाजूला यामाहाचा वायएएस-२३ हा विद्यार्थ्यांचा जुना अल्टो पाहावा. त्याचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली. त्याची जागा वायएएस-२८० ने घेतली, जो नवा घ्यायला गेलं तर आपल्याकडे लाखाच्या पुढे जातो. पण वायएएस-२३ जगभरच्या शाळांत इतका खपला की प्रत्येक कारागिराच्या हातून तो गेलेला असतो. त्याच्या पॅडांची मापं तोंडपाठ, सुटे भाग मिळतात, चाव्या कडक. तैवानच्या ज्युपिटरचे विद्यार्थी-सॅक्सोफोनही याच पंक्तीत बसवता येतील. असा वापरलेला अल्टो मिळाला आणि त्यावर दुरुस्तीचा खर्च केला, तरी बेरीज नव्यापेक्षा बरीच कमी राहते. शिवाय दोन वर्षांनी शिकणं सुटलं तर तो जवळपास त्याच किमतीला विकता येतो. अनोळखी नावाच्या वाद्याला दुसरं गिऱ्हाईक मिळणं कठीण.

पार्करचा प्लॅस्टिकचा अल्टो

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये जॅझवादक चार्ली पार्करने वाजवला तो अल्टो प्लॅस्टिकचा होता. लंडनमध्ये बनणारा ग्राफ्टन, हेक्टर सोमारुगा याने आखलेला, मुद्दाम स्वस्त ठेवलेला. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण जॅझच्या थोर मुद्रणांमध्ये गणलं जातं. ऑर्नेट कोलमननेही पैसे नव्हते म्हणून सुरुवातीला ग्राफ्टनच घेतला आणि त्यावर स्वतःचा आवाज घडवला. मग वाद्याला कशाला एवढं महत्त्व? वाजवणारा हवा!

वाजवणारा हवा हे खरंच आहे, आणि मला या गोष्टीत वाद्य परवडण्याबद्दलचा उत्तम पुरावा दिसतो. ग्राफ्टनच्या आवाजात खोट नव्हती. खोट होती ती त्याच्या देहात. धड ठिसूळ, पडलं की तडा. चाव्यांची रचना आणि स्प्रिंगा इतर सॅक्सोफोनांपेक्षा निराळ्या, त्यामुळे कारागीर त्याला हात लावायला नाखूश. उत्पादन थांबलं, १९६० च्या दशकाअखेर त्याचे साचे आणि हत्यारंही मोडीत गेली, आणि सुटे भाग मिळणं संपलं. पार्करचा ग्राफ्टन १९९४ मध्ये लिलावात ९३,५०० पौंडांना गेला, तो संग्रहालयात ठेवण्यासाठी. रोज वाजवण्यासाठी आज ग्राफ्टन घ्या असं कुणी जाणता माणूस सांगणार नाही. म्हणजे आवाज चांगला, किंमत कमी, वादक जगातला सर्वश्रेष्ठ, तरीही दुरुस्त न होणारं वाद्य टिकलं नाही.

जुन्याचा मोह

पुन्हा सुरुवात करणाऱ्यांची फसगत वेगळ्या वाटेने होते. त्यांना कान असतो, बोटांना अर्धवट आठवणही असते, आणि पूर्वी ज्याचं नुसतं नाव ऐकलं होतं ते वाद्य आता घेता येईल असं वाटतं. मुंबईत आणि गोव्यात जुने सॅक्सोफोन निघतातही. लिऑन अ‍ॅबीचा जॅझ बँड १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून हॉटेलांचे आणि पुढे सिनेमाचे वाद्यवृंद गोवेकर वादकांनी भरून गेले. मनोहारी सिंग १९५८ मध्ये सलील चौधरींबरोबर कोलकात्याहून मुंबईला आले आणि सिनेसंगीतातल्या सॅक्सोफोनला त्यांनी वळण दिलं. या मंडळींची वाद्यं घराघरांत राहिली आहेत. त्यांतली काही अप्रतिम आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या कॉन किंवा ब्यूशरचा रुंद, उबदार आवाज नव्या विद्यार्थी-सॅक्सोफोनात सापडत नाही, हे मान्य करायलाच हवं.

पण त्यांत एक सापळा आहे जो डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी सगळीकडे एकच पट्टी नव्हती. आज ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. त्या काळी अमेरिकेत ४५७ च्या आसपासची ‘हाय पिच’ वाद्यंही बनत, आणि ब्रिटिश लष्करी बँड १९२० चं दशक संपत येईपर्यंत ४५२ च्या घरातल्या उंच पट्टीत वाजत. पलटणींचे बँड हिंदुस्थानात होते, त्यांची वाद्यंही इथेच राहिली. ४४० आणि ४५७ यांतलं अंतर म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. माउथपीस बाहेर ओढून एखादा स्वर उतरवता येतो, पण मग बाकीचे विस्कटतात, कारण भोकांची अंतरंच उंच पट्टीसाठी आखलेली असतात. अशा वाद्यावर कितीही चांगली पॅडं बसवली तरी ते पेटीबरोबर किंवा कीबोर्डबरोबर कधीच जुळणार नाही. अमेरिकन वाद्यांवर क्रमांकाजवळ एल किंवा लो पिच, एच किंवा हाय पिच असा शिक्का बहुधा सापडतो. तो आधी शोधावा. न सापडल्यास ट्यूनर लावून खालपासून वरपर्यंत एकेक स्वर पाहावा.

दुसरी अडचण बोटांची. सेल्मर कंपनीने १९३० च्या दशकात चाव्यांची मांडणी बदलली आणि तिच्या १९५४ च्या मार्क सिक्स या सॅक्सोफोनने ती पक्की केली. आजचे बहुतेक सॅक्सोफोन त्याच घराण्यातले. त्याआधीच्या वाद्यांवर डाव्या करंगळीच्या चाव्या जड आणि आडव्यातिडव्या असतात. साठीच्या बोटांना संधिवात असेल तर तो सुंदर आवाज महाग पडतो. कॉनच्या जुन्या वाद्यांच्या भोकांच्या कडा बाहेर वळवलेल्या असत. पूर्वी कुणी अडाण्याने त्या कानशीने सपाट केल्या असतील तर आता कुणाच्याच हाती काही उरत नाही. म्हणून जुनं घ्यायचं ते कारागिराने पाहिल्यावर, आणि तो ‘याला हात लावायला आवडेल’ म्हणाला तर जरूर घ्यावं. पुन्हा वाजवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ओठांचे स्नायू विसरलेले असतात. पूर्वी तीन नंबरची रीड वाजवत होतात म्हणून पुन्हा तीच लावली तर पंधरा मिनिटांत ओठ सुटतो. दोन किंवा अडीचच्या मऊ रीडने सुरुवात केलेली बरी.

जिथे कारागीरच नाही

या लेखातल्या मुख्य मुद्द्यावर सगळ्यात खरा आक्षेप हा आहे. मुंबईत धोबी तलावच्या आसपास वाद्यांची जुनी दुकानं आहेत, गोवेकरांची कुडं, म्हणजे वसतिगृहं, तिथेच, १८६५ पासूनचं फुर्टाडोज तिथलंच. विचारत गेलं तर दुरुस्ती करणारा सापडतो. लातूरच्या किंवा गोंदियाच्या माणसाने काय करायचं? सॅक्सोफोनचा कारागीर तिथे नसेल, पण ब्रास बँड असतो, आणि बँडमधला क्लॅरिनेट कुणीतरी दुरुस्त करतच असतं. क्लॅरिनेटची पॅडं लहान, पण बूच, स्प्रिंग, दांडी, फट शोधणं हे काम त्याच जातीचं. बँडच्या मास्तरांना विचारलं की हा माणूस कळतो. तो पूर्ण पॅडं बदलून देणार नाही कदाचित, मोडलेली स्प्रिंग मात्र बसवून देईल.

तोही नसेल तर माझा सल्ला बदलतो, आणि तो मोकळेपणाने बदलायला हवा. अशा ठिकाणी जुन्याचा नाद सोडावा आणि जमत असेल तर ओळखीच्या कंपनीचा नवा विद्यार्थी-सॅक्सोफोन घ्यावा, कारण त्याची पॅडं पहिली काही वर्षं त्रास देणार नाहीत. लाख रुपये जमत नसतील तर शहरातल्या कारागिराकडून नुकताच पूर्ण जुळवून घेतलेला वापरलेला अल्टो घ्यावा आणि वर्षातून एकदा तो पुन्हा त्याच्याकडे न्यावा. ऑनलाइन विक्रेत्याची वॉरंटी इथे उपयोगाची वाटते, पण नीट वाचली तर ती बहुधा कारखान्यातल्या दोषापुरती असते. पॅड आणि बूच ही झिजणारी वस्तू म्हणून बाहेरच राहतात, आणि वाद्य पार्सलने पाठवलं तर वाटेत नेक किंवा दांडी वाकून यायची भीती वेगळी. रोज करायची निगा मात्र गावातही शिकता येते. वाजवून झालं की कापडाची दोरी नळीतून ओढून ओल टिपायची, चिकटणाऱ्या पॅडाखाली सिगारेटचा कोरा कागद ठेवून चावी हलकेच मिटायची, पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. एवढ्याने पॅडांचं आयुष्य कितीतरी वाढतं.

उरलेले पैसे

वाद्यावर वाचवलेल्या पैशातला पहिला वाटा माउथपीसचा. स्वस्त सॅक्सोफोनबरोबर येणारा माउथपीस बहुधा खडबडीत असतो, त्याची पुढची कड सरळ नसते, आणि रीड कितीही बदला, आवाज चिरकतो. यामाहाचा फोर सी हा विद्यार्थ्यांचा साधा माउथपीस थोड्या पैशात येतो आणि अनेक वर्षं पुरतो. सॅक्सोफोनवरची मींड चाव्यांतून येत नाही. ती ओठ, जबडा आणि श्वास यांतून येते, म्हणजे माउथपीस आणि रीड यांच्या टोकाशी घडते. कद्री गोपालनाथ यांनी अल्टोवर कर्नाटक संगीताची गमकं उभी केली, त्यात त्या टोकाशी केलेल्या साधनेचा मोठा वाटा होता. दुसरा वाटा रीडचा. ती वेळूसारख्या उंच गवताची पट्टी आहे, झिजते, चिरते, आणि डबा संपला की पुन्हा घ्यावाच लागतो. हा खर्च पहिल्याच महिन्यापासून हिशेबात धरावा.

ज्यांना भावगीतांना किंवा भजनाला साथ करायची आहे त्यांनी आणखी एक गोष्ट घेण्याआधी समजून घ्यावी. अल्टो ई फ्लॅटचं वाद्य आहे. वादकाने सी वाजवला की पेटीवरची काळी दोन ऐकू येते. काळी एकमध्ये गाणाऱ्याला साथ करताना सा ए शार्पवर धरावा लागतो, सफेद एकला ए वर. हे अवघड नाही, पण माहीत नसेल तर ‘वाद्यच बेसूर आहे’ म्हणून चांगला अल्टो परत केला जातो.

वापरलेलं वाद्य घेताना विकणाऱ्याला सरळ सांगावं की कारागिराकडे भेटू, तपासणीचे पैसे मी देतो. कारागीर आधी नेक पाहील. वाद्य पडलं असेल तर नेक खाली झुकते आणि तिच्या खालच्या बाजूला फुगवटा येतो. मग धड बाकदार झालं आहे का, दांड्या खिळखिळ्या आहेत का, मग तो दिवा. शेवटी खालचा बी फ्लॅट अगदी हळू वाजवून घ्यावा, कारण मोठ्याने फुंकलं की गळतं वाद्यही बोलतं. दुरुस्तीचा अंदाज कागदावर घ्यावा आणि तो मागितलेल्या किमतीत मिळवून मगच भाव करावा. विकणारा कारागिराकडे यायला तयार नसेल तर दुसरं वाद्य शोधावं. तुळशीची लग्नं लागली की बँडवाल्यांचा हंगाम सुरू होतो आणि क्लॅरिनेट-ट्रंपेटांची कामं आधी होतात, तेव्हा या दिवाळीत अल्टो घ्यायचा विचार असेल तर कारागिराची वेळ आत्ताच मागून ठेवलेली बरी.